मी न खाल्लेला घास

आमच्या कुटुंबात माझ्याविषयी एक कथा सांगितली जाते. लग्नकार्यात पंगती उठल्या आणि माणसे पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली, की माझी धाकटी बहीण सुमती ती सुरू करते. कथा अशी : दादाने एकोणिसाव्या वर्षी मासे सोडले, दूध सोडले, आणि बिल्डिंगच्या जिन्याखालच्या फळ्यावर आठवडाभर उपदेश लिहून स्वतःच्या आईला मान खाली घालायला लावली, मग त्याच रविवारी, भर दुपारी, गच्चीवर बसून आईच्या हातून बांगड्याचा घास खाल्ला. शेवटच्या वाक्यापाशी सुमती दोन्ही भुवया उंचावते आणि ऐकणारे हसतात. ज्यांचा जन्म त्या रविवारनंतर पंचवीस वर्षांनी झाला, तेही हसतात. या कथेचा पूर्वार्ध खरा आहे. तो मी नाकारणार नाही, आणि त्याबद्दल मला जेवढी लाज वाटावी अशी या लोकांची अपेक्षा आहे तेवढी वाटतही नाही. उत्तरार्ध मात्र धादांत खोटा आहे. तो खोडून काढण्यासाठीच हे प्रकरण लिहीत आहे.

आम्ही अंधेरीला पूर्वेकडे, साकीनाक्याच्या अलीकडे राहत होतो. दोन मजली इमारत, बारा बिऱ्हाडे, वर मोकळी गच्ची. वडील गिरणीत, पाळी करून येत आणि दाराशी चपला काढतानाच चहा मागत. दिवसभर साकीनाक्याकडून कारखान्यांतल्या लेथचा एकसुरी आवाज येई. त्याच्यावर ताल धरल्यासारखा आमच्या घरातल्या पाट्यावरवंट्याचा आवाज असे. आई वाटप वाटताना बोलत नसे. ओले खोबरे, सुकी मिरची, धणे, आणि बांगडा असेल तर वरून ठेचलेली तिरफळे. तिरफळाचा वास जिन्यापर्यंत गेला, की खालून वर येणाऱ्याला आमच्या घरात आज काय शिजते आहे हे विचारावे लागत नसे. मे महिन्यात ती मरोळच्या बाजारातून सुके बोंबील, सोडे आणि जवळा आणी, गच्चीवर चटया पसरून त्यांना पुन्हा चार कडक उन्हे दाखवी आणि डब्यांत भरून ठेवी. पावसाळ्यात बाजार ओस पडला, की आमची जेवणे त्या डब्यांवर निघत. ते चार दिवस गच्ची आईची असे. गावी तिला खळे होते, अंगण होते, पडवी होती. इथे वर्षातून चार दिवसांची ती गच्ची होती. हे मला त्या वयात कळत नव्हते, आणि ज्याला ते कळत नाही त्याच्या हातात खडू देऊ नये, एवढे मी आज मान्य करतो.

इमारतीमागे नाल्यापलीकडे म्हशींचा तबेला होता. पहाटे किटली घेऊन दूध आणायला मीच जाई. धारा काढणारा रामदुलार माझ्याशी चांगला बोले. मी आलो, की बाजूची बादली उपडी करून बसायला देई. थंडीच्या दिवसांतली एक सकाळ. एक म्हैस पान्हा सोडत नव्हती. रामदुलार आत गेला आणि काखेत एक रेडकू घेऊन आला. मला वाटले, आजारी असेल. त्याने ते म्हशीपुढे ठेवले, तेव्हा ते उभे राहिले नाही, कलंडले. आत पेंढा होता. वर कातडे होते, पोटावरून सुतळीने शिवलेले. म्हशीने मान खाली घातली आणि ते चाटू लागली, आणि खाली बादलीत धार वाजायला लागली.

"हे कधी मेलं?" मी विचारले.

"महीना हो गया," रामदुलार म्हणाला. "बच्चा ना रहे तो ये दूध नहीं उतारती, बाबू. चाटने को कुछ चाहिए."

"तिला कळत नाही?"

त्याने धार काढणे थांबवले नाही. "कळत असेल," म्हणाला, त्याच्या मोडक्या मराठीत. "पन काय करनार ती."

चाटून चाटून एका जागी शिवण उसवली होती. तिथून पेंढ्याच्या काड्या बाहेर आल्या. म्हशीने त्या जिभेने बाजूला सारल्या आणि पुन्हा कातडे चाटू लागली. माझी किटली भरली. घरी आणून ठेवली. आईने चहा केला, आणि मी तो प्यायलो नाही.

एवढेच घडले. त्यानंतरचे सर्व विचाराने घडले. कातड्यातला पेंढा जर मला दिसत असेल, तर कोळणीच्या टोपलीतल्या माशाचा उघडा डोळा मला का दिसू नये, असे मी स्वतःला विचारले, आणि जे उत्तर आले त्याप्रमाणे वागलो. कोणत्याही बुवाने मला ते सांगितले नव्हते, कोणत्याही पुस्तकात मी ते वाचले नव्हते. आज माझी नात याला 'व्हीगन' म्हणते. ती अंधेरीतल्या हॉटेलात ओटच्या दुधाची कॉफी मागवते आणि कोणी तिच्याकडे वळूनही पाहत नाही. माझ्यापुढे पाणी आणि कोरा चहा ही दोनच पेये होती, आणि कोरा चहा आमच्याकडे जुलाब लागलेल्या माणसाला देत.

आता त्या आरोपाकडे येतो. माझ्यासारखी माणसे उपदेशखोर असतात, असे सर्व जण म्हणतात. सुमती म्हणते, माझी सून म्हणते, नातीला तिच्या ऑफिसात म्हणतात. मी माझा अनुभव सांगतो. मी कोणाच्या घरी गेलो आणि चहा आला, की मी फक्त 'नको' म्हणत असे. पुढे एक शब्दही नाही. यजमानीण विचारी, "का रे, उपास?" मी म्हणे, "नाही, दूध सोडलं." "का सोडलं?" आता या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे, तर तो उपदेश, देऊ नये, तर तो माज, खोटे द्यावे, तर मी तसा माणूस नाही. मी खरे उत्तर दिले, की त्या बाई आपल्या हातातल्या कपाकडे पाहत आणि म्हणत, "म्हणजे आम्ही सगळे पापी का रे?" हा शब्द मी उच्चारलेला नसे. तो त्यांच्याकडे आधीपासून असे. मी चहा नाकारल्यामुळे बाहेर येई, इतकेच. जेवणारा माणूस दुसऱ्याच्या रिकाम्या वाटीला फार भितो. निम्मा उपदेश हा ऐकणाऱ्याच्या कानात असतो, हे मी पन्नास वर्षांच्या चहानकारानंतर छातीवर हात ठेवून सांगतो.

उरलेला निम्मा माझा होता. तोही सांगतो.

घरात माझ्या या वागण्याला कोणी विरोध केला नाही, हे अधिक अवघड होते. वडिलांनी एकदाच विचारले, "तू चाय सोडलंस म्हणान म्हशीक पेन्शन गावतली काय रे?" आणि स्वतःच हसले. आई काहीच म्हणाली नाही. फक्त माझी आमटी वेगळ्या टोपात दिसू लागली, माझ्या भातावरचे तूप थांबले, आणि सोलकढीचे भांडे भरलेले राहू लागले. एकदा तिने नारळ खवताना माझ्याकडे न पाहता विचारले, "नारळाक तरी आवस नाय मां रे? बघून सांग हां, मगे चालूचा नाय." नारळाच्या आईवर सुमती खिदळली. मी हसलो नाही. एकोणीस वर्षांच्या सत्यवाद्याला विनोद हा शत्रुपक्षाचा वाटतो. वास्तविक ती बाई मला न दुखवता माझ्या बाजूने स्वयंपाक करत होती, आणि मला मात्र तिने हरावे असे वाटत होते. तिने एकदा तरी म्हणावे, 'झिला, तुझा बरोबर आसा.' ते ती म्हणत नव्हती. ती फक्त वाढत होती.

आमच्या इमारतीत जिन्याखाली एक काळा फळा होता आणि त्यावर रोज एक सुविचार असे. ते काम सोसायटीच्या सेक्रेटरींचे. निवृत्त शिक्षक, दुसऱ्या मजल्यावर राहत. सर्व जण त्यांना मास्तर म्हणत. शुद्ध शाकाहारी. मी मासे सोडल्याचे कळल्यापासून त्यांना माझ्याविषयी विलक्षण प्रेम उत्पन्न झाले होते. मेच्या सुरुवातीला त्यांनी मला जिन्यात थांबवले.

"दत्ताराम, तुझं अक्षर सुंदर आहे. या आठवड्यात फळा तू लिही. तुझ्या मनातलं लिही. अशा घरात जन्म घेऊन असा विचार, ही सोपी गोष्ट नाही."

'अशा घरात' हे दोन शब्द माझ्या कानावरून गेले. मला फक्त 'सुंदर' आणि 'विचार' ऐकू आले. मी आखणी केली. सात दिवस, सात वाक्ये. शेवटचे वाक्य दुधाचे. तेच मला सांगायचे होते, कारण त्या बाराच्या बारा बिऱ्हाडांत दूध येत होते आणि त्या म्हशीचा विषय कोणाच्याच कानी नव्हता. पण एकदम दूध म्हटले तर मास्तर पहिल्याच दिवशी खडू काढून घेतील. म्हणून आधी मासे, मटण, अंडी. मास्तरांना रुचेल ते पुढे, आणि एकदा माना डोलू लागल्या की रविवारी म्हैस. भूमितीतल्या सिद्धतेसारखी पायरीपायरीची मांडणी. मला तिचा अभिमान वाटत होता. आपण चढत असलेल्या त्या पायऱ्यांखाली कोण उभे आहे, हे मी पाहिले नाही.

मंगळवारी मी लिहिले : 'पाण्याबाहेर तडफडणारा जीव ओरडत नाही, म्हणून त्याला दुःख नाही असे समजू नये.' वळणदार अक्षर, खाली दुहेरी रेघ. दुपारी आई बाजारातून आली. हातातल्या पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर दिसत होत्या. तिची शाळा चौथीपर्यंत झाली होती. जोडाक्षरांपाशी ती अडखळे. तिने सुमतीला हाक मारली आणि फळा वाचायला सांगितला. सुमती दहा वर्षांची. दादाचे अक्षर म्हणून तिने ते वाक्य सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असे खणखणीत वाचले. मी वरच्या वळणावर उभा होतो. आई पिशवी हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "अक्षर बरा हा." आणि वर आली. त्या दिवशी तिने मे महिन्याच्या उकाड्यात दार आणि खिडकी लावून घेऊन मासे शिजवले.

त्याच वेळी थांबायला हवे होते, असे सुमती म्हणते. तिचे म्हणणे बरोबर आहे. मी थांबलो नाही. माझे दुधाचे वाक्य अजून यायचे होते.

शनिवारी संध्याकाळी नोटीस लागली : रविवारी सकाळी गच्चीवर सभा. विषय, गच्चीवर मासळी सुकवण्यास बंदी. आईने आणून ठेवलेले बोंबील पोत्यात तसेच होते; चटया गुंडाळून दारामागे. रविवार असूनही वडिलांची सकाळची पाळी होती. जाताना ते एवढेच म्हणाले, "फळ्यावर लिवतंस तसा थंय बोल म्हणजे झाला."

रविवारी उजाडता उजाडता मी खाली उतरून माझे सातवे वाक्य लिहिले : 'मेलेल्या रेडकाचे कातडे चाटवून काढलेले दूध आपण पितो, ते कोणाचे होते, हे नाल्यापलीकडे जाऊन पाहून यावे.' आंघोळ करून परत आलो, तर फळा ओल्या फडक्याने पुसलेला होता. पाणी अजून ओघळत होते. त्या काळ्या ओल्या चौकोनापुढे उभा असताना, मास्तरांना माझी वाक्ये फक्त मासळीपुरती हवी होती, हे मला समजले; ते त्याआधीच्या सहा दिवसांत कोणी कानात ओरडून सांगितले असते तरी समजले नसते.

सभेला बारा-पंधरा माणसे होती. आई कठड्याजवळ पदर खांद्यावरून ओढून बसली होती. मास्तरांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "यात कोणाविरुद्ध काही नाही. आपल्याच इमारतीतला, मासे खाणाऱ्या घरातला एक तरुण आठवडाभर आपल्याला हेच सांगतो आहे. त्याला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?"

मी उभा राहिलो. "मास्तर, आजचं वाक्य कोणी पुसलं?"

"ते अप्रस्तुत होतं. विषय भरकटवू नकोस. दूध सात्त्विक आहे, त्यात हिंसा कुठून आली?"

"तबेला पाच मिनिटांवर आहे. चला, दाखवतो. ठराव नंतर करू."

कोणी उठले नाही. कोणीतरी म्हणाले, "अरे, रविवार आहे, बस की." तळमजल्यावरचे कांबळे पोस्टात होते, कमी बोलत, ते मागून म्हणाले, "आज यांची मासळी. उद्या आमच्या चुलीवर काय आहे ते पण फळ्यावर लिहिणार का? परवा आम्ही कोण ते लिहाल."

"कांबळे, तुम्ही जातीवर नेऊ नका," मास्तर म्हणाले.

"मी कुठे नेलं? वास कुठे जातो ते सांगितलं फक्त."

मी मास्तरांना म्हणालो, "माझी सहा वाक्यं मी मागे घेत नाही. ती खरी आहेत. पण ती या ठरावाला लावायची नाहीत. मला माझ्या आईला पटवायचं होतं. तिला गच्चीवरून उठवायचं नव्हतं."

"शेवटी एकच की नाही ते? मासे बंद झाल्याशी कारण."

"एकच नाही. पटलं तर ती सोडेल. नाही पटलं तर सुकवेल. मधे तुम्ही कोण?"

मास्तर माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले ती मला ओळखीची होती. चहा नाकारल्यावर यजमानीण असेच पाहत असे. मग त्यांनी हात वर करायला सांगितले. सात हात वर गेले, चार खाली राहिले. त्या सातांतल्या दोन घरी शुक्रवारी मटण शिजत असे. तेही मी पाहून ठेवले. ठराव मंजूर झाला.

मी खाली गेलो. दारामागच्या चटया काढल्या, बोंबलांचे पोते खांद्यावर घेतले आणि माणसे अजून गच्चीवर असतानाच ते वर आणले. आई म्हणाली, "रे, कित्याक? ऱ्हवांदे." मी चटया पसरल्या. बोंबील कसे पसरतात हे मला येत होते. लहानपणापासून तिच्याबरोबर केलेले काम. एकाला एक लागू न देता, ओळीने, तोंडे एका बाजूला. हाताला वास लागला. मग काठी घेऊन मध्ये बसलो. मास्तर म्हणाले, "दत्ताराम, हा ठरावाचा भंग आहे." मी म्हणालो, "आहे. उचला." बोंबलाला हात लावणे त्यांना शक्य नव्हते, आणि मला उचलणे इतरांना. थोड्या वेळाने सर्व जण खाली गेले. त्या दिवशी सूर्य माथ्यावर येऊन कलेपर्यंत मी, मासे न खाणारा माणूस, आईच्या माशांवरचे कावळे हाकत बसलो होतो. आयुष्यात मी केलेल्या कोणत्याही उपवासापेक्षा तो दिवस मला अधिक धर्माचा वाटतो.

दुपारी आई ताट घेऊन वर आली. चटईच्या कडेला बसली. माझे दोन्ही हात बोंबलांनी माखलेले. धुवायला खाली गेलो तर राखण कोण करणार. तिने भात कालवला आणि घास माझ्या तोंडापुढे धरला. तिरफळाचा वास आला. लालभडक सांबारे. मी तोंड मिटून घेतले आणि तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "आठळ्यो आसत. खा." तिने बांगड्याचे वाटप तसेच्या तसे वाटले होते, तिरफळे तशीच ठेचून घातली होती, आणि बांगड्याच्या जागी फणसाच्या आठळ्या शिजवल्या होत्या. आमच्या घराण्यात असे सांबारे पूर्वी कोणी केले नव्हते. ते तिने त्या सकाळी, सभेला येण्याआधी करून ठेवले होते. मी तिच्या बाजूने बोलेन की विरुद्ध, हे माहीत नसताना. मी खाल्ले. सगळे ताट तिच्या हातून खाल्ले. त्या वेळी जिन्याच्या तोंडाशी सुमती उभी होती. तिने हात पाहिला, तोंड पाहिले, आणि तिला वास आला.

इथे ती कथा जन्मली. ठराव कागदावर राहिला. पुढच्या मेमध्ये चटया पुन्हा पसरल्या गेल्या आणि कोणी बोलले नाही. मी फळ्याला पुन्हा हात लावला नाही, पण गप्पही बसलो नाही. ज्याने विचारले त्याला उत्तर दिले, आजही देतो, आणि ज्याला ते टोचते त्याने विचारू नये. आई शेवटपर्यंत मासे खात राहिली. तिला मी पटवू शकलो नाही.

गेल्या महिन्यात नातीच्या साखरपुड्यात सुमतीने पुन्हा ती कथा सांगितली. मी म्हणालो, "आठळ्या होत्या." ती म्हणाली, "दादा, मी वास घेतलाय. बांगडा होता." मी म्हणालो, "तिरफळ होतं." ती म्हणाली, "मग आई हयात असताना का नाही बोललास? तिच्यासमोर मी किती वेळा सांगितली ही गोष्ट."

हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मी त्या हॉलमध्ये दिले नाही. मी आईला एकदा विचारले होते. ती तेव्हा फार थकली होती. मुलुंडला सुमतीकडे असे. सुमतीने नुकतीच ती कथा पाहुण्यांना सांगितली होती, आणि आई मान डोलावत ऐकत होती. पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "तू तिला खरं का सांगत नाहीस? आठळ्या तूच शिजवल्यास." ती म्हणाली, "सांगांदे तिका. माझ्या हातचो बांगडो माझ्या झिलान खाल्लो, आयकाक बरा वाटता."

त्यानंतर ती पाच वर्षे जगली. त्या पाच वर्षांत सुमतीने ती कथा माझ्या देखत किती तरी वेळा सांगितली आणि मी एकदाही ती खोडली नाही. मला उपदेशखोर म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नाही. आता आई नाही, त्यामुळे त्या कथेची कोणाला गरज उरलेली नाही, आणि मी पुन्हा माझ्या मूळ स्वभावावर आलो आहे. मी बांगडा खाल्ला नाही. त्या आठळ्या होत्या, किंचित खारट झाल्या होत्या, आणि ताटात मी एकही ठेवली नाही.